लोकर नको म्हणता, मग रेशीम कसं चालतं?

मैत्रिणींनो, या हिवाळ्यात सासूबाईंसाठी मी अल्पाकाच्या सुताची शाल विणली. सूत भाचीने परदेशातून आणलेलं, हाताला लोण्यासारखं मऊ. त्या शाल पांघरून मंदिरात गेल्या, तर दोघी-तिघींनी नाक मुरडलं. "जैनांच्या घरात प्राण्याचे केस अंगावर?" असं म्हणणाऱ्या तिघीही रेशमी साडीत होत्या!

मला भांडायचं आहे ते या रेशमाशी.

अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतला, मुख्यतः पेरूच्या डोंगरातला, उंटाच्या कुळातला प्राणी. वर्षातून एकदा त्याचे केस कातरतात आणि तो पुन्हा चरायला जातो. कातरणारे हात सगळीकडे दयाळू असतात असं मी म्हणणार नाही. घाई असते, जनावराला बांधतात, कातरी लागते. दोष आहेच. पण रेशमात काय होतं? कोशातला जीव बाहेर पडला तर धागा तुटतो, म्हणून तो आत असतानाच कोश वाफेत किंवा उकळत्या पाण्यात टाकतात. एक किलो रेशमाला साधारण पाच-सहा हजार कोश लागतात. आता आपल्या पैठणीचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

शेतीतली, चुलीवरची हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही, म्हणून आपल्याकडे तिला उद्योगी आणि आरंभी म्हटलं. संकल्पी मात्र सोडायलाच सांगितलं. जीव मारल्याशिवाय जो अखंड धागा निघतच नाही, तो हौसेसाठी घेणं कुठल्या खान्यात बसवायचं? आपण पाणी गाळून पितो, चातुर्मासात पालेभाजी सोडतो, आणि पूजेचं वस्त्र म्हणून रेशीम काढतो.

बरं, लोकरच निषिद्ध म्हणावी तर श्वेतांबर साधू-साध्वींचा ओघा लोकरीचा असतो, अंगावर कांबळीही असते. दिगंबर मुनींची पिच्छी मोरपिसांची, पण आपोआप गळून पडलेल्या पिसांची. प्राण्याच्या अंगावरचं आहे एवढ्यावर आपल्या परंपरेने काही टाकलेलं नाही. ते मिळवताना जीवाचं काय झालं, हे विचारलं.

एका काकूंचा आक्षेप वेगळा होता आणि तो मला पटतो: "वर्ध्यात राहून पेरूचं सूत?" खरंच आहे. शेजारी सेवाग्राम, गावात १९३८ पासूनचं मगन संग्रहालय, चहूकडे कापूस. पण तो स्वदेशीचा प्रश्न झाला, अहिंसेचा नव्हे. त्यात खादी म्हणजे नुसता कापूस नव्हे. १९५६च्या खादी आयोगाच्या कायद्यात रेशीम आणि लोकरही खादीच आहे. तेव्हा खादी भांडारातून आणलं म्हणून रेशीम निर्दोष होत नाही. (कापसावरच्या फवारणीत किती जीव जातात, त्यावर वेगळं लिहावं लागेल.)

पर्युषणाच्या आधी साड्यांची खरेदी निघेल, तेव्हा दुकानदाराला कोशाचं काय केलं ते विचारा. रंग तर आपण तासभर विचारतोच.

शालीची कृती मागणाऱ्यांसाठी: मध्यम जाडीचं सूत, ५ मिलिमीटरच्या सुया, ९० टाके, सगळ्या ओळी सुलट. दर ओळीचा पहिला टाका न विणता उचला, कड सरळ येते. अल्पाका लोंबतं, म्हणून फार सैल विणू नका आणि धुतल्यावर दोरीवर न टाकता सपाट वाळवा. सुती धाग्यातही हीच शाल होते, फक्त अंगाला जड लागते.