‘अशीच देऊन बघू’



वेल्ह्याहून माझी धाकटी बहीण लेकीला घेऊन आमच्याकडे पुण्याला मुक्कामाला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीची एमएचटी-सीईटी होती. जेवताना मी विचारलं, “सराव किती झाला, बाळा?”

“सराव नाही केला, खाला. बोर्डाचे पेपर छान गेलेत. ही अशीच देऊन बघू.”

बहीण म्हणाली, “नशिबात असेल ते होईल, आपा.”

रात्री नऊला मी काय शिकवणार? एवढंच सांगितलं, की चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नकोस.

परीक्षा देऊन आली ती चेहरा पाडूनच. “येत होतं खाला, पण वेळच पुरला नाही.”

पुरणार कसा? फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न आणि वेळ 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. मग गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुणांचे, त्यालाही 90 मिनिटं. बोर्डात उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण पदरात पडतात, इथे नाही. शिवाय सगळं कॉम्प्युटरवर. माउस हातात धरून पेपर सोडवायची तिची ती पहिलीच वेळ.

बारावीला तिला चांगले टक्के मिळाले. पण इंजिनिअरिंगला बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात: खुल्या गटाला 45 टक्के, राखीव गटाला 40. राज्याच्या गुणवत्ता यादीतला नंबर ठरतो तो सीईटीच्या पर्सेंटाइलवर. बहिणीला हे माहीत नव्हतं. मला होतं, पण वर्षभरात एक फोन करून सांगायचं सुचलं नाही. मग दोष एकट्या पोरीला कसा देऊ?

आणखी एक गोष्ट. 2024 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. आपल्यातले तांबोळी, बागवान, अत्तार ओबीसीत येतात. पण प्रवेश शासनाच्या कॅप फेरीतून झालेला लागतो, आणि तिथे पुन्हा सीईटीच विचारली जाते. सराव न करता दिलेली परीक्षा घराला अशी महागात पडते.

ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे, त्यांनी घाबरू नये. सीईटीत साधारण 80 टक्के भाग बारावीचा आणि 20 टक्के अकरावीचा असतो. बोर्डाचा अभ्यास वाया जात नाही. सवय करायची ती घड्याळाची आणि कॉम्प्युटरची. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा मिळते. घरी कॉम्प्युटर नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा. आठवड्यातून एकदा तीन तास पोरीला स्वयंपाक आणि पाहुण्यांतून मोकळं ठेवा.

नशिबाचं म्हणाल, तर बहिणीला मी म्हटलं, “तोरण्यावर निघालेल्या पाहुण्याला तू पाणी दिल्याशिवाय सोडतेस का? मग पोरीला रिकाम्या हातानं का पाठवलंस?” ती काही बोलली नाही.

भाची यंदा पुन्हा बसतेय. परवा तिचा फोन आला. “खाला, आज 100 पैकी 81 प्रश्नांपर्यंत पोचले.”

मी म्हटलं, “पुढच्या रविवारी पुन्हा फोन कर.”