निरोप्याचे उत्तरदायित्व

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे लहानसे आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तेथे आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण त्या दिवशी गावात आले. भिक्षुकी करीत गावोगाव हिंडणारा हा भटका समाज. पोटापाण्यासाठी सोलापूरकडून इतक्या दूर आलेल्या या माणसांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढेच निमित्त झाले. ‘मुले पळवणारे आले’ अशी हाकाटी उठली. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तेथेच पाचही जणांचा जीव गेला.

त्याआधीचे काही आठवडे परिसरातील भ्रमणध्वनींवर मुले पळवणाऱ्या टोळीचे संदेश फिरत होते. त्या काळात देशभर पसरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत. ती चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराचीची. पालकांना सावध करण्यासाठी तेथील एका स्वयंसेवी संस्थेने ती तयार केली होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातातील फलकावरचा इशारा दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला. दुसऱ्या एका दृश्यात मुलांची कलेवरे ओळीने मांडलेली दिसत. ते दृश्य होते २०१३ साली सीरियातील घौता येथे झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्याचे. कराची आणि सीरिया येथील प्रसंग साक्री-मालेगावच्या खात्यावर जमा झाले आणि त्याची किंमत मंगळवेढ्याकडच्या निरपराध भिक्षेकऱ्यांनी मोजली.

पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक पोलिसांच्या डोळ्यांदेखत जमावाकडून मारले गेले. त्या हत्याकांडाच्या कारणांवर पुष्कळ वाद झाले. परंतु टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर आणि मुले पळवणारे रात्री फिरत असल्याच्या अफवांनी तो सारा टापू धास्तावलेला होता, याविषयी दुमत नाही.

या दोन्ही घटनांत हात उगारणारे दोषी आहेतच, आणि त्यांचा न्याय न्यायालयात व्हावा. प्रश्न आहे तो त्या शेकडो लोकांचा, ज्यांनी घरात बसून, मुलांच्या काळजीपोटी, तो संदेश चार नातेवाइकांना धाडला. त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात कोणाला मारावे असे नव्हते.

नको असलेला संदेश ही काही नवी पीडा नव्हे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या एका विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या संगणकांची जाहिरात त्या वेळच्या ‘अर्पानेट’ जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. अशा जाहिरातींना पुढे ‘स्पॅम’ हे नाव पडले. मात्र परक्याने पाठवलेल्या त्या कचऱ्याचा उपद्रव वेळ खाण्यापुरता, फार तर एखाद्या भोळ्याच्या खिशापुरता. तो कचरा आहे हे पाहताक्षणी कळते. खरा धोका ज्याच्यावर आपला विश्वास आहे त्याच्या हातून येणाऱ्या असत्याचा असतो.

महाभारताने हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. अश्वत्थामा मारला गेला, ही आरोळी भीमाने ठोकली तेव्हा द्रोणाचार्यांना ती पटली नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारले, कारण हा माणूस असत्य बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. त्याच्या तोंडून होकार आला आणि आचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. मेला होता तो त्या नावाचा हत्ती. भीमाच्या शंभर आरोळ्यांनी जे साधले नसते ते धर्मराजाच्या एका अर्धसत्याने साधले. घरातील निवृत्त शिक्षक, सोसायटीचे कार्यवाह, गावातील डॉक्टर, सर्वांना परिचित असलेला कार्यकर्ता, ही आपापल्या वर्तुळातील धर्मराजाच्या जागी असलेली माणसे होत. खोटा निरोप रचणाऱ्याला नेमके त्यांचेच तोंड हवे असते.

पूर्वीच्या पिढीला देवीची पत्रे आठवत असतील. इतकी पोस्टकार्डे लिहून पाठवा, लाभ होईल. न पाठवल्यास अनिष्ट घडेल. त्या पत्रांना निदान एक नैसर्गिक लगाम होता. लिहिणाऱ्याचा हात दुखे आणि कार्डांना पैसे पडत. आता हात दुखत नाही. १९९४ साली ‘गुड टाइम्स’ या नावाचा इशारा इ-मेलवरून जगभर फिरला. या शीर्षकाचे पत्र उघडू नका, तुमचा संगणक नष्ट होईल, असा त्याचा मजकूर. तसला कोणताही विषाणू अस्तित्वात नव्हता. घाबरून दहा जणांना सावध करणारी माणसेच त्या विषाणूचे काम बजावत होती.

भीतीच्या संदेशाइतकाच अभिमानाचा संदेशही वेगाने धावतो, आणि तो तपासावा असे कोणाला वाटत नाही. ‘युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरवले’ हा निरोप वर्षानुवर्षे फिरतो आहे. राष्ट्रगीतांना असे क्रमांक देण्याचा उद्योग युनेस्को करीत नाही. २०१६च्या नोव्हेंबरात दोन हजारांच्या नोटेत उपग्रहाशी बोलणारी चिप बसवली गेली, तीही याच जातकुळीची.

परंतु सर्वांत बोधप्रद उदाहरण मेकॉलेचे. मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत केलेले भाषण म्हणून एक उतारा भाषणांतून, स्मरणिकांतून आणि भ्रमणध्वनींवरून सतत भेटतो. भारतभर हिंडलो, एकही भिकारी वा चोर दिसला नाही, या राष्ट्राचा सांस्कृतिक कणा मोडल्याशिवाय ते जिंकता येणार नाही, असा त्याचा आशय. आता, मेकॉले १८३४ मध्येच भारतात आला होता आणि त्या दिवशी तो लंडनला नव्हे, कलकत्त्यात होता. त्या तारखेचे त्याचे जे लेखन प्रसिद्ध आहे ते भाषण नसून शिक्षणविषयक टिपण आहे. त्यात भारताची स्तुती औषधालाही नाही. उलट संस्कृत आणि अरबी आपल्याला येत नाही हे मान्य करूनही, युरोपीय ग्रंथालयातील एक फळी भारत व अरबस्तान यांच्या समग्र वाङ्मयाच्या तोलाची आहे, असा निवाडा तो देतो. रक्ताने आणि वर्णाने भारतीय, पण अभिरुचीने इंग्रज असा वर्ग घडवण्याची मनीषाही तेथेच आहे. म्हणजे मेकॉलेवरील आरोप सिद्ध करायला त्याच्या स्वहस्ते लिहिलेला पुरावा उपलब्ध असताना लोक बनावट कागद घेऊन उभे राहतात! प्रतिपक्षाचा वकील तो कागद दोन मिनिटांत फाडतो आणि त्याबरोबर खरा खटलाही निकालात निघतो.

कायद्याने हे आवरेल अशी आशा बाळगण्यात फारसा अर्थ नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६६ अ’ या कलमात उपद्रवी व दिशाभूल करणाऱ्या इ-मेलविषयी तरतूद होती. पण ते कलम इतके सैल होते, आणि त्याचा वापर इतका मनमानी झाला, की २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संपूर्ण रद्द केले. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. २०२० मध्ये पुष्कळदा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. वेग कमी झाला, एवढे खरे. परंतु पाच जण पुढे पाच-पाच जणांना पाठवू लागले तर पाचव्या पायरीला तीन हजारांची संख्या ओलांडली जाते.

तेव्हा चौकी बसवायची ती घराघरात. संदेशावर तारीख नसेल, ठिकाण नसेल, ‘सर्वांना पाठवा’ असा आग्रह मात्र असेल, तर तो तेथेच थांबवावा. रक्तदानाच्या आवाहनाविषयी दिलेल्या क्रमांकावर आधी बोलून घ्यावे. रुग्ण बरा होऊन घरी गेल्यानंतरही त्याच्या नातेवाइकांना रात्री-अपरात्री दूरध्वनी येत राहतात. सरकारी योजनेची बातमी असेल तर पत्र सूचना कार्यालयाचा पडताळणी विभाग ती तपासून सांगतो. घरातील वडीलधाऱ्यांनी चुकीचे काही पाठवले तर सर्वांसमक्ष त्यांचा पाणउतारा करण्याची घाई तरुणांनी करू नये. शेजारी बसून ‘आजोबा, हे असे आहे’ म्हणून दाखवले की पुढच्या वेळी तेच आधी विचारतात.

अवघड भाग त्यानंतरचा आहे. खोटा संदेश दहा ठिकाणी पोहोचतो आणि त्याची दुरुस्ती एका ठिकाणीही पोहोचत नाही, कारण ती पाठवण्यात कोणाला गोडी नसते. आपण काल जे पाठवले ते चुकीचे होते, हे वाक्य त्याच माणसांना, त्याच ठिकाणी, स्वतःच्या नावाने लिहावे लागते.