ठाण्याचा बंदिस्त किल्ला

नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने ठाणे-डोंबिवलीची मुले आता आयर्लंडपर्यंत पोहोचली आहेत. त्यांना भेटायला जाणारे आई-वडील डब्लिनचा किल्ला हमखास पाहून येतात. १२०४ साली इंग्रज राजा जॉनच्या आज्ञेने उभारलेला हा किल्ला सात शतके आयरिश जनतेच्या उरावर बसलेल्या सत्तेचे आसन होता. १६ जानेवारी १९२२ रोजी तो मायकेल कॉलिन्स यांच्या हाती आला आणि आज आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी तेथेच होतो. ज्या दालनात परक्यांचा दरबार भरे, तेथे स्वकीयांचा मानदंड उभा राहतो. पाहुणे हे सारे कौतुकाने पाहतात, छायाचित्रे काढतात आणि ठाणे स्थानकावर उतरून घरी जातात. त्याच स्थानकापासून काही मिनिटांच्या अंतरावर उभा असलेला किल्ला मात्र त्यांनी जन्मात पाहिलेला नसतो. तो पाहायचा तर गुन्हाच करावा लागेल!

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह हा मुळात किल्ला आहे, हे किती ठाणेकरांना ठाऊक असते? पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला. मार्च १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या साष्टी मोहिमेत तो मराठ्यांनी जिंकला आणि येथील हिंदू समाजाने दीर्घकाळ सोसलेल्या धार्मिक छळाला आळा बसला. २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी हल्ला करून तो घेतला, तेव्हा आतील बहुतेक शिबंदी कापली गेली. त्या अनाम मावळ्यांच्या नावाचा साधा दगडही तेथे रस्त्यावरून दिसत नाही. पुढे पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी येथेच डांबले आणि सप्टेंबर १८१६ मध्ये ते निसटले. भिंतीबाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार मराठी गाण्यांतून सुटकेचा बेत आत पोहोचवत होता आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातले अक्षर कळत नव्हते, अशी कथा सांगतात.

नंतरची कहाणी मात्र रक्ताची आहे. २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे येथे फासावर गेले. सह्याद्रीच्या कुशीतील महादेव कोळी समाजाच्या या वीराने सावकार आणि सरकार या दोघांनाही सळो की पळो करून सोडले होते. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे तिघे जॅक्सनवधासाठी याच भिंतींआड हुतात्मा झाले. कान्हेरे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. अंदमानला रवाना होण्यापूर्वी स्वातंत्र्यवीर सावरकरांनाही काही काळ येथेच ठेवले होते.

डब्लिनमध्येच किल्मेनहॅमचा तुरुंग आहे. १९१६ च्या उठावातील चौदा नेत्यांना तेथे गोळ्या घातल्या गेल्या. १९२४ नंतर तो ओसाड पडला, छपरे कोसळली, आवारात झाडे माजली. सरकारने फार काही केले नाही. तेव्हा १९६० पासून सामान्य नागरिक पुढे आले आणि त्यांनी विनामूल्य श्रमदान करून ती वास्तू उभी केली. १९६६ मध्ये, उठावाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, तिचे उद्घाटन त्याच तुरुंगात बंदिवास भोगलेल्या राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा यांच्या हस्ते झाले. श्रमदानाची भाषा संघपरिवारातील कार्यकर्त्यांना वेगळी शिकवावी लागत नाही.

कारागृह अन्यत्र हलवावे आणि किल्ला खुला करावा, ही मागणी जुनी आहे. सुरक्षेचा प्रश्न खरा आहे, पण क्षमतेच्या कितीतरी पट कैदी कोंबलेले कारागृह भर वस्तीत, रेल्वे आणि न्यायालयाच्या शेजारी ठेवण्यात कोणती सुरक्षा साधते? त्या कैद्यांनाही माणसासारखी जागा मिळायला हवीच. कल्याणच्या दुर्गाडीचे भाग्य तरी बरे. शिवछत्रपतींनी १६५७ मध्ये कल्याण घेतले, आरमाराचा श्रीगणेशा याच खाडीत झाला असे मानतात, आणि नवरात्रात तेथे माणसांचा पूर लोटतो. पण वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस बुरुजांकडे कोण पाहतो, हाही प्रश्न आहेच.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा दुर्ग जागतिक वारसा म्हणून गौरविले. ठाणे जिल्ह्यातील एकही त्यात नाही. स्थलांतराला वर्षे लागतील, हे मान्य. तोवर निदान १९ एप्रिल आणि २ मे या दोन दिवशी शाळांच्या मुलांना, कडक तपासणी करून का होईना, फाशीच्या जागेपर्यंत नेण्यास कारागृह प्रशासनाने अनुमती द्यावी. तसा अर्ज ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या प्रत्येक शाळेने या वर्षीच करावा.