नोकरी तिनेच का सोडायची?

कापडाच्या दुकानात पाचजणी कामाला. मालक बिल बघायच्या निमित्ताने अंगचटीला येतो. सांगायचं कुणाला? मालकाची तक्रार मालकाकडेच? मग ती ‘घरी जमत नाही’ म्हणून काम सोडते. महिन्याभरात तिच्या जागी दुसरी येते. मालक तोच.

१९९२ साली राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवीवर सामूहिक बलात्कार झाला. बालविवाह रोखणं हे तिचं सरकारी काम. त्याचाच राग काढला गेला. त्यानंतर महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९७ मध्ये ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ मध्ये कायदा झाला.

या कायद्यात कळीचा मुद्दा एकच, तिला ते नकोसं होतं का? नकोसा स्पर्श, अचकटविचकट बोलणं, मोबाइलवर अश्लील चित्रं दाखवणं, शरीरसुखाची मागणी हे सगळं छळच. ‘अहो, गंमत केली’ ही सबब चालत नाही.

दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील, तर तिथे अंतर्गत समिती हवीच. नसेल तर मालकाला ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण आपल्याकडच्या दुकानांत, दवाखान्यांत, क्लासेसमध्ये दहा माणसं असतात कुठे? म्हणूनच कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तरी तिथेच जायचं. धुण्याभांड्याला जाणाऱ्या मावशींनाही ती खुली आहे.

अडचण अशी, की अनेक जिल्ह्यांत ही समिती कागदावरच राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा मुदत घालून द्यावी लागली: ३१ जानेवारी २०२५ पर्यंत जिल्ह्याजिल्ह्यात समित्या नेमा. बायका विचारतच नाहीत, म्हणून कुणाला घाई नसते.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत करायची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिता येत नसेल तर लिहून देण्यात मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. नाव गुप्त राहतं. आणि आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

पुढच्या वेळी महिला मंडळाची किंवा बचत गटाची बैठक असेल, तेव्हा चौघीजणी मिळून जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारून या, आपल्या जिल्ह्याची समिती कुठे बसते? एकटीने विचारायला भीती वाटते. चौघींनी विचारलं, की उत्तर द्यावंच लागतं.