मॉडेल द्यायचे तर चालते द्या

अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९५२ मध्ये माकुळाच्या जाड मज्जातंतूतला अ‍ॅक्शन पोटेन्शियल समीकरणांत मांडला. ऐन वेळी केंब्रिजचा संगणक फेरबदलासाठी बंद होता, म्हणून हक्स्लींनी हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर आकडेमोड केली. पण त्या शोधनिबंधात काही म्हणजे काही सांगायचे राहिलेले नाही. सोडियमची कमाल वाहकता १२०, पोटॅशियमची ३६, गळतीची ०.३, सगळे मिलिसीमेन्स दर चौरस सेंटिमीटरमध्ये, तापमान ६.३ अंश सेल्सिअस. एमएस्सीचा विद्यार्थी आजही तो निबंध समोर ठेवून तोच आलेख काढू शकतो. डेनिस नोबल यांनी १९६० च्या सुमारास ही मांडणी उचलली, पोटॅशियमचा भाग बदलला आणि हृदयाच्या पर्किंजे तंतूंचे मॉडेल उभे केले. औषधामुळे हृदयाचा ताल बिघडेल का, हे तपासताना आज वापरले जाणारे ओहारा-रूडी मॉडेल याच घराण्यातले आहे.

आता आपल्या काळाकडे पाहू. बायोमॉडेल्स संग्रहाशी संबंधित संशोधकांनी प्रसिद्ध झालेली ४५५ मॉडेल्स तपासून २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. निबंधात दिलेल्या माहितीवर ४९ टक्के मॉडेल्स पुन्हा चालली नाहीत. दुरुस्त्या करून आणि मूळ लेखकांना गाठून त्यांतली काही मार्गी लागली, तरी ३७ टक्के शेवटपर्यंत हाती लागली नाहीत. कारणे वाचून वाईट वाटते, कारण ती इतकी किरकोळ आहेत: कुठे पॅरामीटरची किंमत दिलेली नाही, कुठे प्रथिनाची सुरुवातीची संहती राहून गेली आहे, कुठे मॉडेलच्या रचनेतच मेळ नाही. हे सगळे लेखकाच्या संगणकात असते, फक्त छापील पानावर येत नाही.

साधने नाहीत, असे म्हणायला जागा नाही. मॉडेल संगणकासाठी लिहायची एसबीएमएल ही भाषा २००१ पासून आहे, तशीच सेलएमएल आहे, बायोमॉडेल्स २००५ मध्ये सुरू झाले. मॉडेलसोबत किमान कोणती माहिती द्यावी, याचे मिरियम नावाचे निकषही त्याच वर्षी ठरले. पेशीतल्या संदेशवहनाच्या मॉडेल्सचा डॉक्स हा संग्रह तर आपल्याच बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये उपिंदर भल्ला यांच्या गटाने उभारला. त्याची माहिती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

मॉडेल दिले तर दुसरा कोणी त्यावर आपल्या आधी निबंध काढील, ही धास्ती मात्र खरी आहे. पीएचडीच्या चौथ्या वर्षाला असलेल्या मुलीला ती वाटली, तर तिला दोष देता येणार नाही. पण निबंध छापून आल्यावर मॉडेल दडवणे म्हणजे निष्कर्ष सांगून पुरावा खिशात ठेवणे. दुसऱ्याचे मॉडेल वापरणाऱ्यांनी मूळ निबंधासोबत मॉडेलचा संग्रहातला क्रमांकही द्यावा. देणाऱ्याचे श्रेय तिथेच जपले जाते.

घेणाऱ्याचीही जबाबदारी आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. हॉजकिन-हक्स्लींच्या मूळ निबंधात विभव विश्रांत पातळीपासून मोजलेले आहे आणि त्याचे चिन्ह आजच्या रिवाजाच्या उलट आहे. ती समीकरणे न वाचता आजच्या प्रोग्रॅममध्ये उतरवली, तर सगळा खेळ बिघडतो. शिवाय त्या समीकरणांतले दर ६.३ अंशांवरचे, ३७ अंशांच्या पेशीला ते तसेच लावता येत नाहीत. तीच गोष्ट एककांची. वेगस्थिरांक मिनिटांतले आणि वेळ सेकंदांत असली, की उत्तर साठ पटींनी चुकते आणि आलेख मात्र सुबक दिसतो. म्हणून घेतलेले मॉडेल आधी जसेच्या तसे चालवा, निबंधातली एक तरी आकृती हुबेहूब काढा आणि मगच त्याला हात लावा.

या मासिकाकडे मॉडेलवर आधारित लेख पाठवणाऱ्यांना आमची विनंती आहे. लेखासोबत मॉडेलची फाइल, सर्व पॅरामीटर एककांसह, सुरुवातीच्या किमती आणि निदान एका आकृतीचे सिम्युलेशन कसे चालवले, त्याच्या सूचना पाठवा. पाठवण्यापूर्वी ती फाइल या कामात नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला द्या आणि त्याच्या संगणकावर, तुमच्या मदतीशिवाय, आकृती निघते का ते पाहा. निघाली नाही, तर लेख थोडा उशिरा आला तरी चालेल.