माळी हा दृष्टांत नव्हे



कार्तिकी वारी झाली, आळंदीला माउलींच्या संजीवन समाधीचा सोहळा झाला, माणसे आपापल्या गावी परतली. मार्गशीर्ष लागला की आमच्या महाड-पोलादपूरच्या मुलखात सप्ताहांचे मंडप उभे राहू लागतात. भात झोडून कणगीत पडलेले असते, पेंढा रचून झालेला असतो, हवेत गारवा असतो. हरिनामाला याहून चांगला काळ नाही. या दिवसांत व्यासपीठावरून एक चरित्र हमखास ऐकायला मिळते, ते श्रीसंत सावता महाराजांचे. देह हा मळा, नाम हे पाणी, काम-क्रोध हे तण आणि विवेक हे खुरपे, असे रूपक मांडले जाते. श्रोते माना डोलावतात, टाळ वाजतात, गजर होतो.

रूपक चुकीचे आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु त्या रूपकाच्या आड एक उघडी गोष्ट झाकली जात आहे. अरणचे सावता महाराज खरेच माळी होते. त्यांच्या हातातले खुरपे लोखंडाचे होते आणि त्यांच्या गुडघ्यांना लागलेली माती ही मातीच होती. व्यासपीठाने माळी दृष्टांतात घेतला आणि दारातला माळी मंडपाबाहेर राहिला. याविषयी कोणी तरी स्पष्ट बोलले पाहिजे, म्हणून हा लेख.

आमच्याकडचा माळी कोण, ते आधी सांगतो. येथे माळी म्हणजे जात समजू नये, काम समजावे. घाटावरच्यासारखे विस्तीर्ण मळे येथे नाहीत. घरामागे दोन-चार गुंठ्यांचे परसू असते, त्याला मेसकाठीचे किंवा काट्याकुट्यांचे कुंपण असते. गावातील कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. त्यामुळे हे परसू सांभाळते ती बहुधा घरची म्हातारी, नाहीतर नोकरीवरून निवृत्त होऊन गावी आलेला एखादा म्हातारा. पावसाळ्यात 3,000 मिलीमीटरहून अधिक पाऊस अंगावर घेणारा हा मुलूख. पण ते सारे पाणी डोंगरउतारावरून वहाळात आणि वहाळातून सावित्रीत निघून जाते. मार्गशीर्षात परसाला पाणी हवे तर ते विहिरीवरून कळशीने आणावे लागते.

त्या म्हातारीचा दिवस कसा असतो? उजाडण्यापूर्वी उठायचे. सावित्रीच्या खोऱ्यातून धुके वर आलेले असते आणि वालाच्या वितीएवढ्या रोपांवर दव साचलेले असते. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि या दवावरच वाल वाढतो. त्याला कोणी पाणी घालत नाही. पण मुळा, लाल माठ, मेथी, वांगी, मिरची यांना पाणी लागते. वीस-पंचवीस कळश्या होतात. मग पहिल्या एसटीने महाडच्या किंवा पोलादपूरच्या बाजाराला काही पाठवायचे असेल तर मुळा उपटायचा, धुवायचा, केळीच्या सोपटाने जुड्या बांधायच्या. ऊन वर आले की वांग्याच्या पानांमागे मावा दिसतो. त्यावर चुलीतली राख भुरभुरायची. त्यानंतर वानरांची टोळी येते. हातात पत्र्याचा डबा घेऊन तो बडवीत दुपारपर्यंत बसायचे. सायंकाळी पुन्हा कळश्या. रात्री चुलीपुढे बसून पुढच्या वर्षाच्या बियांच्या शेंगा सोलायच्या, राख लावून मडक्यात भरायच्या. कार्तिकात पेरलेला मुळा मार्गशीर्ष सरता सरता हाती येतो. चाळीस दिवसांत एक दिवस जरी हयगय झाली तरी तो मुळा माफ करीत नाही.

आता सप्ताहाचा कार्यक्रम पाहा. पहाटे चारला काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री नऊला कीर्तन. काकड्याची आणि हरिपाठाची वेळ म्हणजे नेमकी परसाला पाणी घालण्याची आणि भाजी काढण्याची वेळ. पारायणाची वेळ ती वानरांची वेळ. ज्याचे परसू नाही त्याला ही अडचण कळत नाही. मुंबईहून सात दिवसांची रजा काढून आलेल्या मंडळींना तर मुळीच कळत नाही. मग जो येत नाही तो भाविक नाही, असा निकाल लागतो.

दोन वर्षांपूर्वी पोलादपूर तालुक्यातील एका गावी मी श्रोता म्हणून गेलो होतो. गावाचे नाव घेत नाही. काल्याच्या आदल्या दिवशी एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन मंडपामागे आली. पाटीत मुळ्याच्या आणि लाल माठाच्या जुड्या होत्या. व्यवस्थेतला एक तरुण म्हणाला, “आजी, भाजीचा टेम्पो सकाळीच आला. आता ही कुठे ठेवायची?” दुसरा म्हणाला, “सात दिवसांत काकड्याला दिसला नाहीत, आणि आता भाजी विकायला आलात होय?” म्हातारी एवढेच बोलली, “काकड्याच्या येळंला मी पानी घालते रं बाबा. भोंगा ऐकू येतो की परसात.” पाटी पुन्हा डोक्यावर घेऊन ती गेली. त्याच रात्री त्याच मंडपात सावता महाराजांचे चरित्र झाले. चिंतन चांगले होते. लोकांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पंगतीला फ्लॉवर-बटाट्याची भाजी होती, वाशीच्या बाजारातून आलेली.

त्या महाराजांना मी बोल लावीत नाही, त्या पोरांनाही फारसा नाही. बोल त्या समजुतीला, की मळ्यातले काम हे भक्तीचे चित्र आहे, भक्ती मात्र मंडपात आहे. या समजुतीला आपल्या ग्रंथांत आधार नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात की, ज्याच्यापासून हे सर्व विश्व झाले त्याची आपल्या कर्माने पूजा करून मनुष्य सिद्धीला जातो. त्या ठिकाणी माउलींनी स्वकर्मालाच फुलांची उपमा दिली आहे. ती फुले वाहिली की सर्वात्मक ईश्वर संतुष्ट होतो. म्हणजे कर्म हीच पूजेची सामग्री. बाराव्या अध्यायात साधकाने कसे असावे हे सांगताना माउलींना पाणी आठवले, आणि तेही माळी नेईल त्या वाटेने मुकाट जाणारे. पाटाचे पाणी ज्याने जवळून पाहिले त्यालाच ही उपमा सुचेल. आणि आपण मात्र उपमा घेऊन माळ्याला बाजूला ठेवावे, हा कुठला न्याय?

इ. स. 1295 मध्ये, आषाढ वद्य चतुर्दशीला, सावता महाराजांनी अरण येथे देह ठेवला. त्यांचे अवघे 37 अभंग आज मिळतात. परंपरा सांगते की ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, पांडुरंगच त्यांच्या मळ्यात आला. आजही आषाढात त्यांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला जाते. पंढरीचा राणा स्वतः माळ्याच्या दारी जातो, आणि आपल्या सप्ताहाला गावातल्या परसापर्यंत शंभर पावले चालवत नाहीत.

येथे पहिला पूर्वपक्ष उभा राहील : “मग काय, भजन सोडून सगळ्यांनी मुळाच उपटत बसावे?” मुळीच नाही. सावता महाराजांच्या नावावर आळस करणाऱ्यांची जातही मला ठाऊक आहे. वारी चुकवली, एकादशी मोडली, हरिपाठ विसरला, आणि विचारले तर म्हणतात, काम हाच देव. त्यांना विचारावे, काम करताना तोंडात नाम असते काय? महाराजांच्या हातात खुरपे होते तसे मुखात नामही होते. नाम गेले तर उरते ती नुसती मजुरी. पण ती म्हातारी भोंग्यावरचा काकडा ऐकत पाणी घालीत होती. तिचा काकडा चुकला असे कोण म्हणेल?

दुसरा पूर्वपक्ष व्यवहाराचा : “हजार पानांची पंगत गावच्या परसांवर कशी उठणार?” सप्ताह तिथीवर असतो. पुढच्या वर्षीची तिथी आज ठाऊक असते. मुळ्याला आणि माठाला तीस-चाळीस दिवस लागतात. कार्तिकाच्या आरंभी व्यवस्थापकांनी घरोघर जाऊन सांगावे, अमुक दिवशी इतकी भाजी लागेल, बाजारभावाने रोख पैसे देऊ. पेरणारे पेरतील. कमी पडले तर पावसाळ्यातला लाल भोपळा माळ्यावर ठेवलेला असतो, मागील वर्षाचा कडवा वाल घरोघर असतो. बिरड्याची उसळ, भोपळ्याची भाजी, मुळ्याची कोशिंबीर आणि नव्या तांदळाचा भात, हा प्रसाद पांडुरंगाला कमी वाटेल काय? फ्लॉवरच हवा असा त्याचा हट्ट कोणत्याही ग्रंथात मी वाचलेला नाही.

तिसरा पूर्वपक्ष मात्र खरा आहे आणि तो टाळता येणार नाही : “वानरे आणि रानडुकरे काही ठेवीत नाहीत, म्हणून लोकांनी परसू सोडले.” हे दुःख खरे आहे. अनेक चांगली परसवे या एका कारणाने ओस पडली, बांध ढासळले, त्यांवर घाणेरी माजली. एकट्या म्हातारीने डबा किती वेळ बडवावा? परंतु याचे उत्तर आपल्याच संप्रदायात आहे. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहाऱ्यांची यादी लागते, दोन-दोन तासांनी माणूस बदलतो, मध्यरात्रीचा पहाराही रिकामा राहत नाही. ज्या गावाला रात्री दोन वाजता वीण्याला माणूस मिळतो, त्या गावाला दिवसा दहा वाजता परसाला माणूस का मिळू नये? तशीच यादी करावी. दोघांनी टाळ घेऊन बांधावर बसावे, मुखाने रामकृष्ण हरी म्हणावे. वानर टाळाच्या आवाजानेही पळते. नाम होईल, भाजीही राहील, आणि म्हातारीला एक दिवस पारायणाला येऊन बसता येईल.

आणखी एक सांगतो. भाजी घ्यायची ती गावातल्या प्रत्येक वाडीतून घ्यावी, अमुक वाडीची चालते आणि तमुक वाडीची नको, असे करू नये. हे महाड आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन पाणी सर्वांचे आहे हे साऱ्या देशाला दाखवले, ते येथेच. आणि संप्रदायाने चोखोबांची समाधी महाद्वारासमोर जपली आहे. ज्या पाण्यावर मुळा वाढला ते पाणी सर्वांचे, तर तो मुळा पंगतीला का चालू नये?

मी आता कीर्तनाला उभा राहत नाही. गुडघे साथ देत नाहीत, आवाजही बसला. तेव्हा मला कोणाच्या निमंत्रणाची चिंता नाही, म्हणून उघडपणे मागतो. ज्या गावी या मार्गशीर्षात सप्ताह आहे, तेथील व्यवस्थापकांनी तीन गोष्टी कराव्यात. हरिपाठ दिवेलागणीनंतर ठेवावा, म्हणजे कळशी ठेवून माणसे येतील. परसांच्या राखणीला पहारा लावावा. काल्याची भाजी गावातून, रोख पैसे देऊन घ्यावी. आणि जो महाराज सावता महाराजांचे चरित्र सांगणार असेल, त्याला त्या दिवशी सकाळी गावातल्या एखाद्या परसात घेऊन जावे. चार कळश्या पाणी त्याने स्वतः घालावे. मग रात्री खुशाल उभे राहावे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.