भिंगाची निवड



आमच्या नातवास सह्याद्रींतील धबधब्यांचीं छायाचित्रें घेण्याचा नाद आहे. रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगासाठीं त्यानें दोन वर्षें शिकवण्या करून पैसे सांठविले. मन बसलें होतें २००७ सालीं निघालेल्या निकॉनच्या १४–२४ मिलिमीटरच्या भिंगावर.

मीं विचारलें, "पाणी रेशमासारखें दिसावें म्हणून काळा फिल्टर लावतोस, तो यावर कसा बसवशील?"

चिरंजीव गप्प झाले! त्या भिंगाची पुढली कांच घुमटासारखी फुगीर. तीस फिल्टर बसविण्याचे आटेच नाहींत. निराळी चौकट व १५० मिलिमीटर रुंदीच्या चौकोनी कांचा घ्याव्या लागतात. म्हणजे नाकापेक्षां मोती जड. अंधुक उजेडांत तें भिंग सरस खरें. परंतु ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून सावकाश प्रकाश घेणारास त्या गुणाचा उपयोग थोडा.

उलट, २०१० सालच्या १६–३५ मिलिमीटरच्या भिंगावर ७७ मिलिमीटरचा साधा गोल फिल्टर बसतो. दोन मिलिमीटरांनीं दृश्य किंचित् आकुंचित होतें, इतकेंच. मात्र पोलरायझर येथेंही जपून वापरावा. सूर्याशीं काटकोनांत येणारें आकाश तो अधिक गडद करतो, त्यामुळें रुंद चित्रांत निळाईचा एकच पट्टा काळवंडतो.

नातवानें १६–३५ घेतलें. वांचलेल्या पैशांत फिल्टरही आले. पावसाळा चारच महिन्यांचा. चुकीच्या खरेदीनें तो वायां गेला असता. साध्य ठरवावें, मग साधन निवडावें. असो.